तिनं मला निजू दिलं

उपासनेला जमलेल्या मंडळीपुढं उभं राहून, देवानं आपल्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्यायची वेळ माझ्यावर अनेकदा आली आणि दर वेळी मी काहीतरी कारण काढून ती टाळली. कधी पेशंट आहेत म्हणालो, कधी घसा बसलाय म्हणालो. खरं कारण असं, की त्या काळात माझी प्रार्थना होत नव्हती. शब्द यायचे. ते लहानपणापासून पाठ होते, त्यामुळे जेवणाआधी आपोआप ओठांवर यायचे. पण पलीकडं ऐकणारं कुणी आहे असं वाटायचं नाही. आणि असलंच, तर त्याला माझ्याशी बोलायचं नसावं, असं वाटायचं. आता पन्नाशी जवळ आली. तोंडानं सांगणं मला अजूनही जमणार नाही, म्हणून लिहून सांगतो.

मी साधा जनरल प्रॅक्टिस करणारा डॉक्टर. देवळाली प्रवराच्या पुढं, कॅनॉलच्या कडेला आमचं गाव. सगळा उसाचा पट्टा. पुढच्या दोन खोल्यांत दवाखाना आणि मागं घर. गावचा बाजार रविवारचा आणि आमची उपासनाही रविवारची. सुरुवातीच्या वर्षांत मी सकाळी दवाखान्याला कुलूप घालून सुमनबरोबर, म्हणजे माझ्या पत्नीबरोबर, देवळात जायचो. आमच्याकडं चर्चला देऊळच म्हणतात. परत आलो की बाजारची गर्दी बघायचो. कुणाची तक्रार नव्हती. डॉक्टर या वेळेला देवळात असतात हे गावाला ठाऊक होतं.

थंडीत आमच्यात हंगामाचा सण असतो. ज्याच्या शेतात, परसात जे पिकलं त्यातलं काहीतरी तो आणून देवापुढं ठेवतो. ज्वारीची कणसं, उसाची मोळी, वांगी, पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो आणि त्या लिलावात मोठी मजा असते. एवढ्याशा अंड्यांसाठी दोन व्याही हट्टाला पेटतात, पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, दोघांनाही चिथावतात आणि सगळं देऊळ हसतं. नव्वद सालानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट असेल. एका भोपळ्यावरून माझी आणि शाळेच्या हेडमास्तरांची जुंपली. "डॉक्टर, भोपळा सोडा. तुम्हाला गोळ्यांशिवाय काही पचायचं नाही," हेडमास्तर सगळ्यांदेखत म्हणाले. मी काही सोडला नाही. तो भोपळा छातीशी धरून, हसत हसत, सुमनच्या पुढं चालत मी घरी आलो, तर दवाखान्याच्या पायरीवर एक बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती आणि तिचा नवरा शेजारी उभा होता.

लेकरू गेलेलं होतं. हात लावायच्या आधीच मला दिसलं. उलट्या-जुलाबानं पार सुकून गेलं होतं. कारखान्याच्या तळावर उतरलेली ऊसतोडीची माणसं होती ती, सकाळीच चालत आली होती. वेळेवर सलाईन लागलं असतं तर वाचलं असतं. मी त्या बापाला विचारलं, देऊळ इथून दिसतंय, मला हाक का नाही मारली. तो म्हणाला, "तुमी देवाम्होरं बसलेले हुता. तिथून कसं उठवायचं मानसाला?" मी भोपळा अजून हातातच धरून उभा होतो. थोड्या वेळानं त्यानं बायकोच्या मांडीवरून लेकरू उचललं, खांद्यावरच्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि मला म्हणाला, "येतो डॉक्टर." औषध घेऊन जाणारे म्हणतात तसं.

त्या दिवसानंतर मी रविवारी दवाखाना बंद ठेवला नाही. रविवारीच काय, कधीच नाही. आमच्या मेव्हणीच्या लग्नाला सुमन एकटी गेली. मुलगी नगरला बोर्डिंगात शिकत होती, तिला भेटायला मी जातो जातो म्हणून राहिलो. ती सुट्टीत आली की आईला म्हणायची, "पप्पांना भेटायचं तर आजारी पडावं लागतं." मी ते पडद्याआडून ऐकायचो आणि पुढचा पेशंट आत बोलवायचो. लोक मला सेवाभावी म्हणू लागले. पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात माझं उदाहरण दिलं, की काहींचं काम हीच त्यांची उपासना असते. सुमननं घरी येऊन ते कौतुकानं सांगितलं. मी मान खाली घालून भाकरी खात राहिलो. मला सगळ्यात जड गेलेली गोष्ट ती आहे. मी सेवा करत नव्हतो. मी त्या पायरीवर राखण करत बसलो होतो, आणि लोकांनी त्याला दिलेलं चांगलं नाव मी गुपचूप घेतलं.

शरीर किती दिवस सोसणार? डोकं जड राहायला लागलं, मान आखडायची. दिवसभर दुसऱ्यांचा रक्तदाब तपासणाऱ्या माणसानं स्वतःच्या दंडाला पट्टा लावला नव्हता. सुमन फारच मागं लागली तेव्हा तिच्यादेखत लावला आणि आकडा खोटा सांगितला. तिला तो वाचता येत नव्हता. पुढं झोप उडाली. डोळे मिटले की बाहेर कुणीतरी बसलंय असं वाटायचं, मी उठून दार उघडायचो आणि पायरी रिकामी असायची. मग मी झोपेचं इंजेक्शन स्वतःच टोचून घ्यायला लागलो. फिट आलेल्या पेशंटसाठी ठेवतात ते. दवाखाना बंद केला की तिथंच बसून घ्यायचं आणि आत जाऊन पडायचं. आधी कधीमधी, मग सवयीनं. जादा काढलेली अँप्युल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, कपाटात परत ठेवायचं भान राहायचं नाही, ती रोजच्या इंजेक्शनांच्या ट्रेमध्येच पडून असायची. एखाद्या पेशंटनं हे केलेलं कळलं असतं तर मी त्याला चांगलंच झापलं असतं.

मग चुका व्हायला लागल्या. एकदा लहान पोराला मोठ्या माणसाच्या गोळ्या दिल्या. ते लोक गेल्यावर ध्यानात आलं आणि मी बाजारात पळत जाऊन, भेळीच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या त्याच्या आईच्या हातातून पुडी परत घेतली. ती बिचारी घाबरून गेली. मला त्या दिवसापासून स्पष्ट दिसत होतं, की असंच चाललं तर माझ्या हातून कुणीतरी जाणार. आणि थांबलो तर माझ्या दारात कुणीतरी जाणार, हेही तितकंच स्पष्ट दिसत होतं. या दोहोंच्या मधे मी रोज सकाळी दवाखाना उघडत होतो.

अशा दिवसांतला एक रविवार. ऊन तापायला लागलं होतं आणि बाजार भरात होता. बाहेरचे बाक भरून लोक पायरीखाली सावलीत बसले होते. दुपारी एक म्हातारी बाई आत आली. पांढरं पातळ, कपाळ मोकळं, हातात बाजाराची पिशवी. तिनं "जय भीम, डाक्टर" म्हटलं, मी सवयीनं आमच्यातलं "सलाम आजी" म्हणालो. पुणतांब्याकडची होती, इथं लेकीकडं आली होती. दम इतका लागलेला, की एक वाक्य दोन तुकड्यांत बोलत होती.

"कधीपासून आहे हा त्रास?" मी विचारलं.

"ही धाप व्हय? ही माझ्या लग्नातली हाय. नवरा गेला, ही न्हाई गेली."

बाहेर कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही, इतका मी थकलो होतो. तिला कोणतं इंजेक्शन द्यायचं हे तिच्या श्वासावरूनच कळत होतं. गर्दीत वेळ वाचावा म्हणून इंजेक्शन आधी भरून ठेवायचं आणि मग छाती तपासायची, अशी माझी पद्धत पडली होती. ट्रेमधून अँप्युल घेतली, फोडली, सिरिंज भरून ठेवली. तिला स्टुलावर पुढं वाकून बसवलं, मी मागं बसलो, पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि म्हणालो, लांब श्वास घ्या. तिच्या छातीत बारीक शिट्टीसारखा आवाज होता. तो वर जायचा, खाली यायचा. तेवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा माझं कपाळ तिच्या पाठीवर टेकलेलं होतं. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकून औषधांच्या कपाटावर आलं होतं. किती वेळ गेला होता ते मी कधी कुणाला विचारलं नाही. सगळ्यात आधी जाणवली ती शांतता. बाजारच्या दिवशी माझ्या दवाखान्यात अशी शांतता कधी नसायची. कंपाउंडर रंगनाथ पडदा हातात धरून दारात उभा होता. आणि ती बाई दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, जशी बसवली होती तशीच बसलेली होती. मान वळवली नव्हती की पाठ हलवली नव्हती.

मी दचकून मागं झालो तशी ती म्हणाली, "झालं का तपासून? लई खोल तपासलं तुमी. आता काय ते सांगा, जगते का जाते."

"आजी, मला उठवायचं," मी म्हणालो.

"कशापायी? मानूस निजलंय, आभाळ न्हाई पडलं. या पाठीवं माझी लेकरं निजली, नातवंडं निजली. तुमी काय लई जड हाय व्हय?"

रंगनाथनं हळूच सांगितलं, की तो दोनदा उठवायला आत आला होता आणि दोन्ही वेळा तिनं नुसता हात वर करून त्याला थांबवलं. बाहेरच्यांना तिनंच आतून सांगितलं होतं, "डाक्टर छातीतलं ऐकत्यात, गप बसा." आणि बाहेरचे गप्प बसले. मी घाबरून विचारलं, बाहेर कुणी जास्ती आहे का, कुणी गेलं का. तो म्हणाला, "कुणी नाही साहेब. सगळे बसलेत. दोघंजण तेवढे बाजार करून येतो म्हणाले."

मी पाणी प्यालो आणि सिरिंज उचलली. ट्रेमध्ये फोडलेली अँप्युल पडली होती. ती कचऱ्यात टाकताना नजर तिच्यावरच्या अक्षरांवर गेली. ते दम्याचं इंजेक्शन नव्हतं. माझं होतं, झोपेचं. दोन्ही काचा सारख्याच तपकिरी, सारख्याच उंचीच्या. इतका दम लागलेल्या म्हाताऱ्या बाईला ते गेलं असतं तर तिचा श्वास मंदावत गेला असता. झोप लागलीय असं वाटून लेकीनं तिला पडू दिलं असतं, आणि कुणाला काही कळायच्या आत सगळं संपलं असतं.

मी ती सिरिंज रिकामी केली. आजी बघत होती. "का वं, वाया घातलं?" म्हणाली. मी म्हणालो, "ते तुमचं नव्हतं." दुसरी अँप्युल घेतली, खिडकीपाशी नेऊन तिच्यावरचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं तिचा श्वास मोकळा झाला. पिशवी उचलून जाताना ती म्हणाली, "डोळं लाल हायत तुमचं. निजत जावा." तिला खरं काय ते सांगायला हवं होतं. माझ्याच्यानं सांगवलं नाही. पुढच्या बाजारी मी तिच्या लेकीकडं चौकशी केली, तर ती पुणतांब्याला परत गेली होती. नंतर एकदा त्या बाजूला गेलो तेव्हा नाव काढून विचारलं, पण ती दुसऱ्या लेकीकडं गेल्याचं कळलं. पुन्हा ती मला दिसली नाही.

मी रंगनाथला सांगितलं की राहिलेल्यांना शेजारच्या गावातल्या डॉक्टरांकडं पाठव, आणि मागच्या घरात गेलो. सुमन तिच्या वर्गातल्या मुलांचे पेपर तपासत बसली होती. त्या वेळेला मी घरात आलेला तिनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. तिनं पेन खाली ठेवलं आणि "काय झालं?" म्हणाली. मी सगळं सांगितलं. लेकराचं, मी उपासनेला का येत नाही त्याचं, रक्तदाबाच्या खोट्या आकड्याचं, इंजेक्शनांचं आणि आत्ता पाहिलेल्या त्या अँप्युलचं. तिनं पेपरांचा गठ्ठा बाजूला सारला. मग म्हणाली, "तो भोपळा मी त्याच दिवशी देऊन टाकला होता. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत त्याचं काय केलं. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं." उठली, दवाखान्यातून रक्तदाबाचं यंत्र घेऊन आली आणि माझ्यापुढं ठेवलं. "हे कसं बघायचं ते मला शिकवा. इथून पुढं आकडा मी वाचणार."

त्या संध्याकाळी आम्ही दोघं प्रार्थनेला बसलो. मला शब्द सापडले नाहीत आणि मी शोधलेही नाहीत. नुसता बसलो. माझा श्वास आत जात होता, बाहेर येत होता, आणि तो मी घेत नसून कुणीतरी मला देतंय असं वाटत होतं. इतकी वर्षं मी समजत होतो की मी जागा आहे म्हणून हे गाव जगतंय. त्या दुपारी मी जागा राहिलो असतो तर ती बाई गेली असती. माझी शुद्ध जिथं घात करणार होती तिथं प्रभूनं माझी शुद्धच काढून घेतली, आणि डोकं टेकायला एका अनोळखी म्हातारीची पाठ दिली. याला चमत्कार म्हणायचं का दमलेल्या माणसाची डुलकी, यावर मी वाद घालणार नाही. त्या दोहोंत तेव्हा मला फरक करता आला नाही आणि आजही येत नाही.

पुढचे महिने सोपे गेले नाहीत. नगरच्या मोठ्या डॉक्टरांसमोर पेशंटच्या खुर्चीत बसायला मला फार लाज वाटली. ते इंजेक्शन सुटताना हातपाय कापायचे, अंगाला घाम फुटायचा, आणि सुमन शेजारी बसून राहायची. शेजारच्या गावातल्या त्या तरुण डॉक्टरकडं मी स्वतः गेलो. त्याला मी तोवर आपले पेशंट पळवणारा समजत आलो होतो. रविवारी सकाळी तू माझे बघ, गुरुवारी दुपारनंतर मी तुझे बघतो, असं म्हटल्यावर तो म्हणाला, "सर, हेच विचारायला मी तुमच्या दारापर्यंत येऊन गेलोय. तुम्ही कायम गर्दीत. धीर झाला नाही." पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा आणि फळी घेऊन आले आणि दवाखान्याच्या दारावर ठोकलेल्या त्या फळीवर स्वतःच्या हातानं लिहिलं, की डॉक्टर उपासनेत आहेत, देवळात येऊन हाक मारा. "आणि कुणी लाजलं," ते म्हणाले, "तर घंटा वाजवायला सांगा. घंटा कुणीही वाजवू शकतो."

लोक येत राहिले. एकदोनदा मला भजनाच्या मधून उठवून नेलं आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. सगळं सुरळीत झालं असं वाटायला लागलं, आणि त्याच वर्षी गावातले शिंपी गेले. माझे जुने पेशंट, माझा प्रत्येक शर्ट त्यांनीच शिवलेला. रविवारी सकाळी छातीत दुखायला लागलं, माणूस देवळात पळत आला, माझ्या दवाखान्यात बसलेला तरुण डॉक्टरही गाडी काढून तिकडं गेला. मी पोचलो तेव्हा तो त्यांची छाती दाबत होता. आम्ही दोघांनी मिळून होतं ते सगळं केलं. उपयोग झाला नाही. त्यांचा मोठा मुलगा रडता रडता मला म्हणाला, "डॉक्टर, तुम्ही दवाखान्यात असता तर?" खरं तर काही फरक पडला नसता, हे मला डॉक्टर म्हणून कळत होतं. पण त्या प्रश्नावर डॉक्टरकीचं उत्तर चालत नाही. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि तिरडी उठेपर्यंत बसून राहिलो.

तो आठवडा फार कठीण गेला. जुनी भीती तशीच्या तशी परत आली आणि मला म्हणायला लागली, बघ, मी सांगत होते. सुमन रोज सकाळी दंडाला पट्टा बांधायची आणि आकडा मोठ्यानं वाचायची. रविवारी उपासनेला जायचं की दवाखान्यात बसायचं, हे शनिवारपर्यंत माझं ठरत नव्हतं. आज मागं वळून बघताना वाटतं, ती दुपारची झोप ही देणगी होती, त्यात मी काहीच केलं नव्हतं. मला करायचं होतं ते त्या रविवारी होतं. आपण असल्यानं माणसं जगतात असं नाही आणि आपण नसल्यानं मरतात असंही नाही, हे मान्य करणं फार अवघड आहे. दोन्हीकडून अहंकार दुखावतो. दुसऱ्यांची दुखणी अंगावर घेणाऱ्या, डॉक्टर-सिस्टर असलेल्या माझ्या भावाबहिणींना मी हात जोडून एवढंच सांगेन, की थकल्यावर निजणं हा आळस नाही. आपण देव नाही याची ती कबुली आहे. त्या आजीची, सुमनची आणि प्रभूची उपकारस्तुती मला शब्दांत करता येत नाही.

रविवारी सकाळी मी अंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घातला. तरुण डॉक्टर येऊन बाकावर बसला होता आणि दोन-तीन पेशंट त्याच्याकडं वळलेही होते. माझ्या खोलीचं दार मी ओढून घेतलं. किल्ली भोकात जाईना. सुमन रस्त्यावर उभी होती. तिनं हाक मारली नाही, घाई केली नाही. मी मनात म्हणालो, प्रभू, मी जातो. तू आहेस ना जागा. मग कुलूप लागलं, आणि मी तिच्याबरोबर चालायला लागलो.